दोन इमारतींच्या मधला माणूस

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ९:१०. संयुक्त अर्जाच्या पानांवर पेन्सिलीने क्रमांक घालत होतो.

मेंदूच्या संशोधनाला तीन वर्षांचा निधी मिळणार आहे. अट एकच, दोन विभागांनी मिळून काम करायचं. आमचे उंदीरवाले सर उंदरांची स्मरणशक्ती मोजतात. समोरच्या इमारतीतल्या गणितवाल्या मॅडम त्या आकड्यांवरून मॉडेल बांधतात. दोघं चार वर्षं बोलत नाहीत. मायक्रोस्कोप कोणाच्या खोलीत ठेवायचा, एवढ्यावरून. मध्ये मी, कंत्राटी सहायक. शिक्षण बारावीनंतर सुटलं, पण शुद्धलेखन पक्कं. कंत्राट ३१ मार्चला संपतं. निधी आला तर मी राहतो. संकल्प: दोघांना एकत्र आणायचं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी. सरांना म्हटलं, मॅडम तुमची चौकशी करत होत्या. म्हणाले, आता आणखी काय उचलून न्यायचंय त्यांना? मॅडमना म्हटलं, सर भेटायला उत्सुक आहेत. म्हणाल्या, तुझे सर उंदरांशी तरी धड बोलतात का रे? दोन्हीकडून स्पष्ट नकार नाही. प्रगती.

मंगळवार, ११ फेब्रुवारी. दोघांची अंदाजपत्रकं आली. ताळा दोनदा घेतला. माझा पगार सरांनीही धरलाय आणि मॅडमनीही. माणूस एक, पगार दोन. तपासणाऱ्याच्या नजरेत आलं तर अख्खा अर्ज बाद. ताईकडे राहतो म्हणून तिला सांगितलं. ती म्हणाली, दोघांना तू हवायस, तर तोंड मिटून बस की. तिला ऑफिसची शिस्त कळत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी. दोघांना एकच चिठ्ठी दिली. सहायकाचा पगार दोन्हीकडे लागला आहे, कृपया एकीकडचा कमी करावा. कोणी करावा ते लिहिलं नाही. थोरामोठ्यांना आपण कसं सांगणार?

शुक्रवार, १४ फेब्रुवारी. दोघांनी आपापल्या कॉम्प्युटरवरून अर्जातला आपापला भाग भरला. सर म्हणाले, कमी केला, मिटलं. मॅडम म्हणाल्या, कमी केला, मिटलं. चार वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं, ते माझ्यामुळे.

सोमवार, २४ मार्च. निधी मंजूर. सर स्वतः चालत मॅडमच्या इमारतीत गेले. मी बिस्किटं आणली. मग मंजुरीचं पत्रक वाचलं. पिंजरे आहेत, कॉम्प्युटर आहेत, परिषदांचा प्रवास आहे. सहायक नाही. सर म्हणाले, अरे, मला वाटलं मॅडमनी ठेवलाय. मॅडम म्हणाल्या, मला वाटलं सरांनी. दोघं अगदी हळहळले. आता तीन वर्षं आकडा बदलता येत नाही.

तरी खात्री आहे, काहीतरी करतील.

सोमवार, ३१ मार्च. सायंकाळी ५:४०. किल्ल्या जमा केल्या. पोचपावती घेतली. बिनपगारी येऊ का, असं विचारलं. सर म्हणाले, नियमात बसत नाही रे, उद्या तुला काही झालं तर जबाबदार कोण? मॅडमनीही मान डोलावली. मग दोघं मायक्रोस्कोप बघायला गेले.

खर्च: बिस्किटं ९०. झेरॉक्स ४५. अर्जासाठी चांगली फाइल १२०. एकूण २५५. बिलं दिली नाहीत, आता कोणाला द्यायची?
देणं: ताईला दोन महिन्यांचा घरखर्च, ६,०००. शिवाय तिला अजून सांगायचं आहे.