सुपं माहेरून येतात

३ ऑगस्ट, रवि.
आज पुन्हा तेच. त्या दारात, हातात घावन्यांचा डबा, आणि मी, "अहो... या ना." लग्नाला तीन महिने होत आले, त्यांना अजून एकदाही हाक मारलेली नाही. बायका नवऱ्याला 'अहो' म्हणतात. मी नवऱ्याला संतोष म्हणते आणि त्याच्या पहिल्या सासूला 'अहो'.

संतोष त्यांना मामी म्हणतो, यांच्यात सासूला तसंच म्हणतात, मिठू आजी म्हणते, अख्खी चाळ बाय म्हणते. मी मामी म्हटलं तर त्या माझ्या सासू होतात. आजी म्हटलं तर मी मिठूएवढी होते, म्हणजे पाचवीतली. आणि खरं नातं म्हणाल तर सवतीची आई. शी. इथेही 'त्या'च लिहिते.

त्यांचंही तेच. मला नुसतं 'गो'. पुढे नाव नाही.

५ ऑगस्ट
उठायला उशीर. मिठूची वेणी त्यांनीच घातली. त्यांची लेक सुजाता गेल्यापासून हे घर त्यांनीच ओढलंय, खालच्या खोलीतून जिना चढून-उतरून. आणि आता स्वयंपाकघरात यायचं तर उंबऱ्यात थांबून विचारतात, "येव काय?" मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

संध्याकाळी बघते तर पोह्या-रव्याचे डबे वरच्या फळीवरून खाली आलेले. माझा हात पुरत नाही हे कधी पाहिलं कोण जाणे.

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
गिरगावात, दादाकडे. नारळीभात छान. वहिनीला हाकेचं विचारलं. म्हणाली, काकू म्हण, सगळ्यांना चालतं. तेच तर. सगळ्यांना चालतं ते यांना कसं द्यायचं?

मग हळूच, पहिलीचा फोटो नाही ना गं भिंतीवर? म्हटलं, आहे, मीच लावलाय. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी तो उतरवून खाली आपल्या खोलीत नेला होता, मी नव्या घरात बुजू नये म्हणून. गेलेल्या लेकीचा फोटो स्वतःच्या हाताने! मी आठवड्याने जाऊन मागून आणला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटोसाठी हार पाठवला. माझ्याच्याने असं झालं नसतं. तेव्हापासून या बाईवर मी फिदा आहे. हे सगळ्यांना सांगितलंय, त्यांना सोडून.

१४ ऑगस्ट
वन्संचा फोन. यंदा माझा पहिला ओवसा. म्हणजे यांच्यात नव्या सुनेने गौरीपुढे पाच सुपं ओवाळायची, फळं, नारळ, खण असं भरून. "आणि सुपं माहेरून येतात हं. तुझ्याकडून कोण आणणार?"

आमच्याकडे खड्याची गौर, दादाला यातलं ओ की ठो माहीत नाही. आई असती तर चार जणींना विचारून सगळं साग्रसंगीत घेऊन आली असती. म्हटलं, मीच आणते विकत. तर म्हणाल्या, "अगं, स्वतःचं माहेर स्वतः कसं होशील?"

मनात काही नसतं त्यांच्या. पण लागायचं तिथेच लागलं.

१७ ऑगस्ट, रवि.
त्या गावाला चालल्या. कायमच्या. गणपती झाले की भावाकडे. संतोषला म्हणाल्या, "घरात बाई इली, माजा काम झाला." मिठू जेवली नाही.

मला इतका राग आला. काम झालं म्हणे! मी काय त्यांची बदली म्हणून आले? खाली जाऊन 'नाही जायचं' म्हणावं असं दहादा वाटलं. पण कोण म्हणून? संतोष जावई, मिठू नात, त्यांचा हक्क आहे. मी ज्या माणसाला हाक मारू शकत नाही त्याच्यापुढे हट्ट कोणत्या तोंडाने करू?

२७ ऑगस्ट
गणपती आले. मोदक त्यांच्या हाताखाली. माझे फुटले. फुटलेले सगळे त्यांनी आपल्या पानात वाढून घेतले, कुणाला कळायच्या आत.

सुपांचं अजून काही नाही. जायचंही त्या काढत नाहीत, मीही नाही.

१ सप्टेंबर, गौरीपूजन
आजचं सगळं लिहून ठेवते.

सकाळी ओवशाला आलेल्या वन्सं म्हणाल्या, माझ्याकडची सुपं घे, कोण विचारतंय. मी हो म्हटलं, पण तोंड पडलं होतं. तेवढ्यात त्या आल्या. ठेवणीतली हिरवी साडी, हातात सुपं, मागे मिठू उरलेली सांभाळत. हळदीकुंकू लावलेली, सूत गुंडाळलेली, काठोकाठ भरलेली. आज उंबऱ्यात थांबल्या नाहीत.

वन्संनी विचारलं, ही कुणाकडून?

"सुपां माहेरसून येतत. म्हणान मी हाडलंय."

एवढंच. माहेरची म्हणून त्यांनी आणली. वन्संनी पदर सावरून सुपं उतरून घेतली. सुजाताच्या ओवशाला याच हातांनी भरली असतील. मी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं आणि सगळ्यांदेखत रडले. पाया पडले तेव्हाही हाक काही निघाली नाही.

३ सप्टेंबर
गौरी-गणपती काल गेले. घर ओकंबोकं. संतोषला म्हटलं, माहेर मिळालंय तर माहेरपणाला जाणार, एक रात्र. म्हणाला, "अगं, एक जिना उतरून?" हो. एक जिना उतरून.

७ सप्टेंबर, रवि.
खालच्या खोलीतून लिहितेय.

संध्याकाळी कपड्यांची पिशवी घेऊन उतरले. जिनाभर 'आई' घोकत होते. दाराशी आल्यावर माझी आई आठवली आणि शब्द तिच्यापाशीच राहिला. कडी वाजवली.

आतून आवाज आला, "ये गो. माहेराक कोण कडी वाजवता?"

बांगड्याचं तिखलं केलं होतं. मला ताटही उचलू दिलं नाही. शेजारणीला सांगून झालं होतं, चेडू इला हा म्हणून. चेडू म्हणजे लेक. ते मला ऐकू यावं इतक्या मोठ्याने सांगितलं होतं.

जेवून खाटेवर बसले तर पायाला काहीतरी लागलं. त्यांची गावची बॅग. भरलेली, कुलूप घातलेली. तिकीट काढलंय का, विचारलं नाही. त्या पाठमोऱ्या भांडी लावत होत्या. मी पायानेच ती बॅग खाटेखाली आत लोटली, पार भिंतीला लागेपर्यंत.