शुक्रवारच्या आत सांगायचंय

सोम. १० नोव्हें.
अण्णा आले. विमानतळावर मिठी वगैरे आमच्यात नाहीच. पाठीवर थाप, आणि लगेच ‘वाळलास की रं.’ निम्मी बॅग खाण्याची. सगळ्यात वर, प्लॅस्टिकमध्ये घडी घातलेला त्यांचा नवा कोट. ‘शुक्रवारी घालायचा.’

शुक्रवारी पदवीदान. माझं नाव यादीत नाही. प्रबंध नापास, फेब्रु.त पुन्हा द्यायचा. अण्णांना माहीत नाही, आईला नाही. फक्त प्र.ला, कारण एकाच घरात राहून त्याच्यापासून काही लपत नाही. अण्णांचे डबे किचनच्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, रचताना कुजबुजला, ‘आजच सांगून टाक ना बे.’ हे नागपूरकर सगळं सोपं करून टाकतात. म्हटलं, उद्या शहर दाखवतो, मैफल ऐकवतो, ते खुशीत असतील तेव्हा सांगतो.

मंगळ. ११
सकाळी ट्रामनं सिटी सेंटर. नदी बघून, ‘आपल्या कृष्णेएवढी बी न्हाई.’ मग जुन्या लायब्ररीत काचेच्या पेटीतलं हार्प. अण्णांनी मिरजेत चाळीस वर्षं तंबोरे बनवलेत, तिथून हलेनात. काचेला नाक लावून वीस मिनिटं. ‘लाकूड जुनं, तारा नव्या.’ चेहरा असा खुलला होता की वाटलं, हीच वेळ. तेवढ्यात शाळेची सहल घुसली. खरं तर सहलीचं निमित्त.

१ वा. चर्चमध्ये मैफल. दोन व्हायोलिनं, व्हायोला, चेलो. पहिला भाग नीट गेला. दुसरा संथ. त्यात चेलोचा एक सूर लांबत लांबत असा काही विरला, की अण्णा हात वर करून मोठ्यानं, ‘वाः! क्या बात है!’

मिरजेत एवढं म्हटलं नाही तर वाजवणारा रुसतो. इथं सगळ्या माना वळल्या. चेलोवाल्या बाईनंसुद्धा वर पाहिलं. मी त्यांचा हात धरून खाली ओढला. ‘अण्णा, गप्प बसा!’

जन्मात त्यांच्याशी असं बोललो नव्हतो. हात मांडीवर ठेवून बसले ते शेवटपर्यंत. मानसुद्धा हलली नाही. पुढचं काय वाजलं मला आठवत नाही.

नंतर बागेतल्या बाकावर सँडविच. तेच म्हणाले, ‘माझ्यामुळं तुला मान खाली घालाय लागली.’
‘तसं काही नाही.’
‘हाय तसं. शुक्रवारी तुझं नाव पुकारलं की मी तोंड उघडणार न्हाई. काळजी करू नगंस.’

इथं सांगायला हवं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. म्हणालो काय, तर चहा घ्यायचा का.

भेकड आहे मी. दुसरा शब्द नाही.

परत येताना अण्णांचा हट्ट, पदवीदानाचा हॉल बघायचा. दार बंद, पण काचेतून खुर्च्या दिसत होत्या. ‘तू कुठल्या रांगंत?’ म्हणालो, अजून ठरलं नाही. आतापर्यंत नुसतं लपवत होतो, आज धडधडीत खोटं बोललो.

बुध. १२
दिवसभर लॅबचं काम आहे म्हणून पळालो. काम काही नव्हतं. घरी आलो तर अण्णा कोटाला इस्त्री करत होते. प्र. माझ्याकडे नुसतं बघून जिना चढला. अण्णांनी विचारलं, ‘भांडलासा काय रं?’

गुरु. १३
सांगितलं. सकाळी साडेआठला, किचनमध्ये. ते पोहे परतत पाठमोरे उभे होते म्हणून जमलं.

शेगडी बंद केली. ‘कवा कळलं?’
‘सहा आठवडे झाले. तुमचा व्हिसा आला त्याच दिवशी.’
‘म्हंजे तिकीट काढायच्या आधी.’

ओरडतील म्हणून तयारीत होतो. नाही ओरडले. ‘नापास झालास त्याचं काय न्हाई. माझा बी तंबोऱ्याचा भोपळा तडकतो कवा कवा. पर परवा मला त्या खुर्च्या दावल्यास तू.’

पोह्यांवर झाकण ठेवलं, जाकीट घातलं, बाहेर. फोन टेबलावरच. पाऊस. आमच्या क्लोनडॉकिन भागातली ही सगळी घरं एकसारखी, मलाच पहिल्या महिन्यात आपलं सापडत नव्हतं. तासाभरानं शोधायला निघालो तर फाटकातच भेटले, चिंब. इतकं हायसं वाटलं की रडू आलं. त्यांनी पाहिलं.

डोकं पुसून अण्णांनी आईला फोन लावला. शेजारच्या काकूंनी उचलला. आई गिरणीत गेलीय, आली की करेल. आणि उद्याचा कार्यक्रम मोबाइलवर दिसेल ना, सगळी गल्ली बसणार आहे आमच्याकडे.

फोन ठेवून अण्णा म्हणाले, ‘तिला मी न्हाई सांगणार. तूच सांगायचं.’

पावणेअकरा. अण्णा समोर बसलेत, फोन मधे. काय करावं सुचेना म्हणून हे लिहितोय. विचारलं, उद्या कोट घालणार का.

फोन वाजतोय. अण्णा माझ्याकडे बघतायत, उचलत नाहीत.