दारातलं झुडूप कोणी छाटावं याविषयी

मी, लेस्टर ड्र्यूरी, वय एकवीस पूर्ण, बागकामाचं कॉलेज अर्धवट सोडलेला, परवाच्या भरतीला आइसलंडकडे जाणाऱ्या मासेमारी बोटीवर निघतो आहे. डोकं तापट असलं तरी ठिकाणावर आहे. प्यालेलो नाही. कोणी भरीस घातलेलं नाही. उलट सगळ्यांनी अडवलं.

१. घर भाड्याचं, त्याचा प्रश्न नाही. पोस्टातली शिल्लक थर्झा मावशीला. ती पैसे आईच्याच स्वयंपाकघरात खर्च करील.

२. आईला, एनिड ड्र्यूरी हिला, मी काहीही ठेवत नाही. मुद्दाम. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही, आणि मला आईची सही हवी आहे. का, ते पुढच्या कलमांत.

३. दारातलं डॉगवूडचं झुडूप बाबांनी लावलं. दर मार्चला ते वीतभर ठेवून बाकी सगळं छाटून टाकायचे. नवी फूट येते तीच थंडीत लालभडक होते. जुनी काडी विटते. बाबांची बोट १९६०च्या फेब्रुवारीत बुडाली. मार्चमध्ये मी कात्री घेऊन गेलो तर आई आडवी आली.

"तो येऊन छाटेल."

"आई, बोटच राहिली नाही गं."

"बापाचं तोडायला शिकवतात होय रे तुला कॉलेजात?"

मी कात्री भिरकावली. खिडकीची काच फुटली ती मीच फोडली, वाऱ्याने नव्हे. गेल्या मार्चलाही तेच झालं. आता भर जानेवारीत दारात नुसता जुन्या दोरखंडांचा ढीग दिसतो.

४. बाबांची कात्री आणि माझी सायकल मेव्हिस हॅरॉपला, दोन दारं पलीकडे. नोव्हेंबरात मी तिला लग्नाचं विचारलं. म्हणाली, "कॉलेज पुरं कर, कुठल्याही बागेत माळी हो, मी येते. पण खलाशाची बायको होऊन तुझ्या आईसारखी झुडूप राखत बसायची नाही." शेवटचं वाक्य मला झोंबलं. त्याच दुपारी बोटीवर नाव घातलं. आता मागे फिरलो तर गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही.

मार्चअखेर मी परतलो नाही तर झुडूप मेव्हिसने छाटावं. आईने अडवू नये, तिची सही त्यासाठीच. एकाची वाट बघण्यात दोन हिवाळे गेले, दुसऱ्यासाठी आणखी घालवू नयेत.

५. निघण्याच्या दिवशी घरात कपडे धुऊ नयेत, माणूस वाहून जातो म्हणतात. कोणी हात हलवू नये, लाटेला बोलावणं जातं. मेव्हिस, तू खिडकीतसुद्धा येऊ नकोस.

६. छाटलेली एक काडी ओल्या मातीत खोच, रुजते. तुझ्या दारात लाव. नवरा कोणीही कर, जमिनीवरचा कर. त्याला सांग, मार्च चुकवायचा नाही.

हे मी माझ्या हाताने लिहिलं, दोघांसमक्ष सही केली.

लेस्टर ड्र्यूरी
ग्रिम्सबी, ९ जानेवारी १९६२

साक्षीदार:
होरेस बेल्क, शेजारी
एनिड ड्र्यूरी, आई. वाचलं. मार्च संपेस्तोवर कात्री माझ्या उशाशी राहील. मग मीच नेऊन देईन.