वरच्या मजल्यावरून ऐकलेला गरलराज

मी, शारदा अप्पासाहेब पोतनीस, वय सत्तेचाळीस, अविवाहित, राहणार तुकोगंज, इंदूर, मध्य प्रदेश, हे मृत्युपत्र स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. लहानपणी पोलिओने माझे दोन्ही पाय गेले. डोके शाबूत असल्याची खात्री डॉक्टर रघुवीर सबनीस यांनी करून घेतली आहे. यापूर्वी मी असा कोणताही लेख केलेला नाही.

१. आमच्या घराचा वरचा मजला वडिलांनी माझ्या नावे केला. ते आधी होळकर सरकारच्या आणि मग मध्य प्रदेशच्या दफ्तरात होते. "शारदेला कोणी घराबाहेर काढू नये," असे ते म्हणत. कोणी काढलेही नाही. जिना अरुंद, वळणाचा. मला उचलायला दोन माणसे लागतात, आणि ती दोघे एका वेळी क्वचितच मोकळी सापडली. माझ्या पश्चात हा मजला माझी भाची, थोरल्या भावाची मुलगी पद्मजा हिला मिळावा.

२. काळा-पांढरा टीव्ही बंद पडलेला आहे, तरी तोही पद्मजेलाच. रविवारी सकाळी त्यावर 'नभवीर' लागायचा. परदेशी कार्टून, हिंदीत बोलणारे. मुलांना उडणारा नभवीर आवडे. मला आवडे खलनायक गरलराज. बाहेरची हवा त्याला विष, म्हणून तो काचेच्या घुमटात खुर्चीवर बसून असायचा. चित्रे काढणाऱ्यांनी मेहनत वाचवली असावी. त्याचे फक्त ओठ हलत आणि एक भुवई. आता केबलवरचे खलनायक फार धावपळ करतात, ते पाहवत नाही. हा बसल्या जागी म्हणायचा, "नभवीर, मैं यहीं बैठे-बैठे पूरा शहर देख रहा हूँ." खिडकीतून रस्ता बघत मीही तेच म्हणायचे, आणि छोटी पद्मजा नभवीर होऊन पलंगावरून उडी घ्यायची. "आत्या, आज तरी हार ना," म्हणायची. मी हरत नसे.

३. माझे थोरले बंधू चिंतामण यांनी रंगीत टीव्ही आणला आणि खाली बैठकीत ठेवला. हा जुना तेव्हाच बिघडला होता. मी म्हटले, "दादा, रविवारपुरता वर आण."

"वर वायर नाही पोचत, शारदे. और मेहमान नीचे बसतात, तिथेच बरा."

"मग मला खाली ने."

"बघू."

पुढची सगळी मालिका मी खालून येणाऱ्या आवाजावर ऐकली. शेवटच्या भागात काच फुटली, संगीत थांबले आणि खाली मुलांनी टाळ्या वाजवल्या. वर सांगायला कोणी आले नाही. पद्मजा जेवणाचे ताट घेऊन आली तेव्हा विचारले, "गरलराज मेला का गं?"

तिने ताट जपून ठेवले. "नाही आत्या, तो निकल गया. बाहेरच्या हवेने काहीच नाही झालं त्याला." तेव्हा ती आठ वर्षांची होती.

त्या उत्तरावर मी पुष्कळ वर्षे काढली. यंदाच्या दिवाळीत फराळ करताना तिने आपणहून सांगितले, "आत्या, तो मेला होता. उसी वक्त."

"मग तेव्हा तसं का सांगितलंस?"

"तू वर एकटी होतीस म्हणून."

करंज्या तशाच राहिल्या.

चिंतामण यांना वडिलांची आरामखुर्ची द्यावी. त्यांनी मला उपाशी ठेवले नाही, औषधपाणी चुकवले नाही. फक्त 'बघू' म्हणत राहिले. त्यांच्यावरचा राग मी माझ्याजवळच ठेवते. वरच्या मजल्यावर त्यांचा हक्क राहणार नाही.

४. सखुबाई मला रोज न्हाऊ घालते. माझे हाताने चालवायचे शिवणयंत्र आणि सर्व साड्या तिच्या. तिने त्या नेसून मिरवाव्यात, ट्रंकेत ठेवू नयेत.

५. हे मृत्युपत्र उद्या नोंदवायचे आहे. दादा म्हणाले, "अर्ज दिला तर रजिस्ट्रार साहेब घरी येतात. तू कशाला उतरतेस? मोहल्ल्यात तमाशा होईल."

होऊ दे. पद्मजेने दोन हमाल आणि रिक्षा ठरवली आहे. ती आता पलासियात नोकरी करते. तिथेच तिने रस्त्याला लागून तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. कचेरीतून मी तिकडे जाईन. दादांना हे आज रात्री हा कागद वाचायला दिल्यावरच कळेल. मला भीती वाटत आहे. जिन्याच्या वळणावर हमालांचा हात सुटेल, असे सारखे डोळ्यांपुढे येते. तरी बेत बदलणार नाही.

वरील मजकूर मी दोघा साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

सही : शारदा अप्पासाहेब पोतनीस

साक्षीदार :
१. डॉ. रघुवीर सबनीस
२. प्रतापराव लांडगे, शेजारी

दिनांक : २२ नोव्हेंबर १९९९
स्थळ : वरचा मजला, तुकोगंज, इंदूर (आजपुरते)