फणीचे ठोके

कैरवान
गुरुवार, १४ नोव्हेंबर

लाडक्या उमैमास आजीचा सलाम आणि दोन्ही गालांचे पापे.

इकडे सगळं ठीक. ऑलिव्ह यंदा बारीक धरलेत, तुझ्या काकाचा राग मात्र भरघोस आलाय. अक्षर तुझ्या मोंजियाकाकूचं, जीभ माझी. ती मध्येमध्ये माझं बोलणं सुधारून लिहिते, तेव्हा कुठे फार शहाणपणाचं वाक्य लागलं तर ते तिचं समज.

तू म्हणशील, फोन असताना आजीला पत्राची हौस कुठून आली. फोनमध्ये तू तोंड दाखवतेस आणि मलाही दाखवायला लावतेस. या वयात रोज कोण नटणार? ऑगस्टपासून फोन बिघडला, चार्ज नाही, आजी न्हाते आहे, असं जे जे मोंजियाने तुला सांगितलं ते मीच सांगायला लावलं. तिला बोल लावू नकोस. एवढी न्हाले असते तर आतापर्यंत विरघळले असते.

तुझा निरोप तिने वाचून दाखवला. पाच डिसेंबरला तिकडे ल्योंमध्ये, कायमच्या नोकरीसाठी, तू सात पंडितांसमोर उभी राहणार. दुसऱ्या देशातल्या लोकांनी तुझाच प्रयोग तिथल्या निरक्षर बायकांवर केला आणि त्यांना काहीच सापडलं नाही. ते चूक, मी बरोबर, असं तू छातीठोक सांगणार. आणि शेवटी लिहिलंस, "आजी, तीनदा सगळं तपासलं. मी कुठे चुकले ते दिसत नाही."

तू नाही चुकलीस, बाळा.

दोन उन्हाळ्यांमागे तू संगणक घेऊन आलीस ते आठव. म्हणालीस, डोक्यात एक जागा असते, ती चेहरे ओळखते. वाचायला शिकलेल्यांची थोडी जागा अक्षरं बळकावतात. आम्हा अडाणी बायकांची ती अजून मोकळी असणार, म्हणून चेहरे आमच्या जास्त लक्षात राहत असतील. आमची डोकी कळली की यंत्राला चेहरे ओळखायला कसं शिकवायचं तेही कळेल. मी म्हटलं, "सत्तर वर्षं अडाणी म्हणून हिणवलं, आता त्याचा पगार मिळणार का?" तू म्हणालीस, "पगार मला, आजी. तुला खजुराचे गोड मकरूद."

मकरूद आणलेस तेही शिळे.

सराव तू माझ्यावरच केलास. चाळीस चेहरे दाखवायचे, मग त्यांत चाळीस नवे मिसळून विचारायचं, हा आधी पाहिला होतास का? दोन दिवसांत सहा वेळा, दर वेळी तेच चेहरे. माझे आकडे धरणार नव्हतीस, पण चेहरे माझ्या डोक्यात बसायचे ते बसले. तो मोठ्या कानांचा, ती तिरळी, आणि तो नाक मुरडलेला, ज्याला मी तुझा नवरा म्हणून चिडवायचे.

मग विणकर बायका एकेक करून आल्या. अकराजणी. तू त्यांच्याशेजारी संगणक घेऊन बसलीस आणि मी तुमच्या मागे माझ्या मागावर, तिथून पडदा मलाही दिसायचा.

पहिल्या सालहाचं ठीक झालं. दुसरी आपली मबरूका. सातव्या चेहऱ्याला ती अडली. "मी गाढव आहे, पोरी, सोड मला," म्हणून पदराने डोळे पुसायला लागली. तू म्हणालीस, "मबरूकामावशी, चुकलं तरी चालतं." अगं, तुमच्यात चालत असेल. मागावर शेजारणीची ओळ चुकली तर कुणी बघत बसत नाही. गालिचा एक, ओळ सगळ्यांची. थोरली बाई फणी ठोकून सांगते, बाकीच्या गाठ मारतात. साठ वर्षांचा माझा हात. तो चेहरा तर मला पाठ होता. मी फणीचा एक ठोका दिला. मबरूका म्हणाली, "पाहिलाय." पुढचा नवा होता. दोन ठोके. "नाही पाहिला."

तिच्यानंतरच्या नऊजणींना काही शिकवावं लागलं नाही. मबरूकाने जाता जाता अंगणात सांगितलं असावं.

तू एकदाच मागे वळून म्हणालीस, "आजी, जरा हळू विण ना." मी म्हटलं, "हात थांबला की दुखतो." तू हसलीस. नंतर तुझा लेख छापून आला. त्यात तू लिहिलंस की घर शांत होतं. मोंजियाने ते वाचलं आणि मी उठून ऑलिव्ह निवडायला गेले. तुझं नाव छापलं होतं, बाळा. गल्लीभर दाखवून झालं होतं. मी काय सांगणार होते?

मोंजिया थांबली आहे. म्हणते, "हे खरंच लिहू, अम्मा?" लिही म्हटलं.

हे त्या सातजणांना सांगितलंस तर तीन वर्षांचं काम गेलं, नोकरी गेली. नाही सांगितलंस तर त्या दुसऱ्या देशातल्या लोकांना तू खोटं पाडणार, ज्यांचा काही दोष नाही. मी खूप विचार केला, तिसरा रस्ता सापडला नाही. विणलेलं उसवता येतं असं तेच म्हणतात ज्यांनी कधी गालिचा विणला नाही. गाठी कापाव्या लागतात. कापल्यावर लोकर कशाच्याच कामाची राहत नाही.

आता फोनचं. ऑगस्टमध्ये एका सकाळी कपाटावरचा फोटो पुसताना मी विचारलं, "सूनबाई, ही मुलगी कोण?" मोंजिया हसली, तिला वाटलं थट्टा. मग हसायची थांबली. सूस शहरातल्या डॉक्टरांनी माझ्या डोक्याचा फोटो काढला. एक बारीक शीर फुटली आहे. बोलते, चालते, विणते, सगळं होतं. फक्त चेहरे गेले. तुझी ती जागा. अक्षरं येऊ दिली नव्हती, तरी रिकामी झाली. मबरूकाला तिच्या लंगडण्यावरून ओळखते, काकाला खोकल्यावरून.

आता परीक्षा घेतलीस तर आजीला लबाडी जमणार नाही. पण तूच म्हणाली होतीस, आजाऱ्याचा आकडा धरत नाहीत.

माफी मागत नाही. मागितली तर तुला द्यावी लागेल, आणि तुझ्याकडे आधीच फार कामं आहेत. पाच तारखेनंतर यावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं तरी मी समजेन. आलीस तर मात्र गुपचूप समोर येऊन उभी राहू नकोस, लहानपणी राहायचीस तशी. मी परकी समजून तुला बस म्हणेन, पाणी देईन, आणि ते तुला सोसणार नाही.

दारातूनच हाक मार.

तुझी आजी
शादलिया
(सहीच्या जागी अंगठा)