गिधाड आणि खवल्या मांजर

धसई, ता. मुरबाड
१२ फेब्रुवारी

चि. संजीवनीस अनेक आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

सोमवारी सकाळी देवाला दिवा लावून मी परसातल्या निळ्या ड्रमवरचं फळकूट काढलं. ते पुढे सांगतो. आधी तुझ्या कॉलेजचं, या दोघांत वेगळं काय आणि सारखं काय ते.

गिधाड पक्षी, अंडं घालतं. खवल्या मांजर पिल्लाला पाजतं. नावात मांजर असलं तरी मांजराच्या कुळातलं नाही. दोघांचं काही नातं नाही. एकाचं घरटं कड्यावर, दुसऱ्याचं बीळ जमिनीत. गिधाड तुझ्या पुस्तकात अतिसंकटग्रस्त असेल, खवल्या संकटग्रस्त. पूर्वी मेलेलं ढोर माळावर टाकलं की आभाळ काळं व्हायचं. मागे आपला पवळ्या बैल गेला, तेव्हा मी जुन्या रितीने त्याला माळावर नेला. कोणी उतरलं नाही. शेवटी पुरला.

सारखं एवढंच लिही: दोघंही बहुधा एकच पिल्लू वाढवतात.

ड्रममध्ये खवल्याची मादी होती. पिल्लू पोटाशी धरून वेटोळं केलेली. खवल्या अजून दिसतात का, असं तू फोनवर विचारलंस तेव्हा सूरज शेजारीच होता, म्हणून मी "आता कुठे दिसतात" म्हणालो. ड्रम त्याचाच.

"सोड तिला," मी म्हटलं.

"बाबा, जनावरच हाय, देव नाय. माणूस येनार हाय न्यायला. तुमी गप बसा."

मी गप बसलो. दिवसभर देवापुढे बसलो, पण ड्रम उचलला नाही. दुसऱ्या सकाळी मादी गार पडली होती. पिल्लू अजून चोखत होतं.

"मेली तर मेली, खवलं हायतच," सूरज म्हणाला.

तुझी आई माझ्या पाया पडली. "एकच पोरगा हाय आपला. कुठं बोलू नका."

आज मी पिल्लू टोपलीत घालून मुरबाडला वनखात्याच्या ऑफिसात नेलं. ते जगेल असं वाटत नाही, साहेब म्हणाले. आई कोणी पकडली विचारलं. मी सूरजचं नाव सांगून सही केली. संध्याकाळी त्याला घेऊन गेले. आई माझ्याशी बोलत नाही. बोलेल असं वाटत नाही.

त्या मादीने मेल्यावरही वेटोळं सोडलं नव्हतं. मी जिवंतपणी सोडलं.

सूरजचा आणि तुझा,
बाबा