‘कुरोमिने’ आणि न सुटलेली गाठ

माइझुरू बंदर,
विनाशिका ‘कुरोमिने’

आदरणीय गेन्झाबुरोसान यांना, तुमच्या जुन्या हाताखालच्या मोरिओचा डेकला नाक टेकेपर्यंत वाकून नमस्कार.

तिकडे गावी मुळ्यांनी जमिनीतून डोकी वर काढली असतील, आणि तुमचा डावा गुडघा (की उजवा? माझ्या हातून दोराचं वेटोळं ज्याच्यावर पडलं होतं तो) थंडीच्या आधीच कुरकुरू लागला असेल. त्याला माझा वेगळा नमस्कार सांगावा. मी ठीक आहे. वजन सोडलं तर सगळं आटोक्यात आहे.

नववर्षाच्या कार्डात तुम्ही विचारलं होतंत की आपलं जहाज कसं आहे. तुम्ही ते सेवेत दाखल करून दिलंत आणि लगेच निवृत्त होऊन मुळे लावायला गेलात, त्यामुळे पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक नाही. तर पहिल्या दिवसापासून सुरू करतो. त्या दिवशी बँड वाजला, झेंडे चढले, मंत्रीमहोदय बोलले (अजूनही बोलत असतील, आम्ही निघून आलो). गर्दीत तुमच्या धाकट्या बहीण फुमिएसान उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाहता पाहता मी खांबाला बांधायचा दोर कप्तानसाहेबांच्या खुर्चीला बांधला. तुम्ही ओरडलात ते योग्यच होतं, फक्त कारण विचारलं नाहीत.

मग आम्ही हवाईला गेलो. तिथे आमच्या क्षेपणास्त्राने एक लक्ष्य इतक्या उंचीवर टिपलं की जिथे हवासुद्धा जायला कंटाळते. सगळं जहाज नाचलं. त्या भरात मी फुमिएसानसाठी फुलाफुलांचा झगा घेतला. दुकानदाराने माप विचारलं तेव्हा मी हात पसरून दाखवले (आनंदात ते जरा जास्तच पसरले). फुमिएसाननी झगा उलगडून पाहिला, मनापासून आभार मानले आणि आपल्या खानावळीच्या दाराला लावला. एका झग्यात दोन पडदे झाले. कुणी विचारलं तर नौदलाची देणगी म्हणून सांगतात.

पुढचा इतिहास वाट पाहण्याचा आहे. शेजारच्या देशाला मधूनच अग्निबाण उडवायची हुक्की येते, आणि ती नेमकी माझ्या रजेत येते. एकदा मी धीर करून फुमिएसानना म्हणालो की उद्या तुमच्याशी जरा बोलायचंय. घरी पोचतोय तोच जहाजावरून बोलावणं. आम्ही भर समुद्रात आभाळाकडे डोळे लावून बसलो. आठवड्यांमागून आठवडे गेले, बाण काही उडाला नाही. परत आलो तर फुमिएसान भांडी घासता घासता, मान वर न करता म्हणाल्या, “तुमच्या नौदलात ‘उद्या’ बराच उशिरा उजाडतो वाटतं.”

त्यानंतर जहाज दुरुस्तीला कोरड्या गोदीत चढलं, आणि आता कुठलाच देश मला वाचवू शकत नव्हता. रोज खानावळीत बसायचो, बोलायला तोंड उघडायचो, आणि उघडलंच आहे तर म्हणून बटाटा-मांसाचा रस्सा मागवायचो. परिणामी एके दिवशी जेवणघरात उपकप्तानसाहेबांना सलाम ठोकताना माझ्या कोटाचं बटण जे सुटलं ते थेट त्यांच्या सूपमध्ये पडलं. (हवाईचा अपवाद सोडला तर आमच्या जहाजाचा एवढा अचूक नेम कधी लागलेला नाही.)

मागच्या महिन्यात लोकांना जहाज पाहायला खुलं केलं होतं. माझ्याकडे गाठींचं प्रात्यक्षिक. बुडणाऱ्याच्या कमरेला बांधायची गाठ दाखवतो, कुणीतरी पुढे या म्हटलं, तर गर्दीतून फुमिएसान पुढे आल्या. मी दोर जरा जास्तच आवळला. गाठ बसली, टाळ्या पडल्या, आणि सोडायला गेलो तर सुटेना! तुम्ही शिकवलेली गाठ, गेन्झाबुरोसान, जी मी एरवी डोळे मिटून सोडतो. मी गुडघ्यांवर बसून नखांनी ओढतोय, पोरं खिदळतायत, कप्तानसाहेब मुद्दाम दूर समुद्राकडे पाहतायत. फुमिएसान जरा वाकल्या आणि हळूच म्हणाल्या,

“मोरिओसान, गाठ सोडताय की बांधताय?”

कुठून बळ आलं कोण जाणे. म्हणालो, “तुम्ही हो म्हणालात तर बांधतोय.”

तेवढ्यात जहाजाचा भोंगा वाजला. शेजाऱ्यांना पुन्हा हुक्की आली होती. पाहुण्यांना उतरवायचा हुकूम सुटला, कुणीतरी दोर कापला, आणि फुमिएसान कमरेला दोराचं शेपूट लोंबवत शिडी उतरून गेल्या. धक्क्यावरून वळून त्या काहीतरी बोलल्या. ओठ हलताना दिसले, पण त्या भोंग्यात ‘हो’ आणि ‘नाही’ अगदी सारखे दिसतात. समुद्रावर सगळे आभाळाकडे बघत होते, मी त्या ओठांची आठवण काढून काढून झिजवत होतो. काल परत आलो. खानावळ इथून दिसते. पाय उचलत नाही.

असो. जहाज उत्तम आहे, गंज नाही.

तुमचा,
मोरिओ

ता. क. : तो दोर सरकारी आहे आणि भांडारवाले मागतायत. तेव्हा कृपा करून बहिणीला फोन करून दोराची चौकशी करावी, आणि बोलण्याच्या ओघात त्या दिवशी धक्क्यावर त्या काय म्हणाल्या तेही विचारावं. दोर नाही मिळाला तरी चालेल.

आणखी ता. क. : पत्र टाकायला निघालो तर टपालपेटीपाशीच फुमिएसान भेटल्या. पाकिटावर तुमचं नाव बघून त्यांनी ते काढून घेतलं, फोडलं आणि उभ्याउभ्या वाचलं. म्हणाल्या, “मी हो म्हटलं ते धक्क्यावरच्या कोळणींनीसुद्धा ऐकलं. दादालाच विचारायचं होतं, तर दादाशीच लग्न करा.” मी तिथेच पायरीवर बसून हे लिहितोय. पाकीट त्याच पुन्हा चिकटवणार आहेत, म्हणून ते असं दिसेल. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी आणि नोव्हेंबरात लग्नाला यावं. त्यांची अट एकच आहे, घरात जहाजाचा विषय काढायचा नाही. मी जागच्या जागी कबूल झालो. आता अडचण अशी की मग बोलायचं काय? तुमचा संसार जुना. दोन-चार विषय उलट टपाली कळवावेत.